गाडीला रॅप करताय? आरटीओला आणि विमा कंपनीला काय, कधी आणि कसं कळवायचं

गाडीवर रंगीत व्हिनाइल फिल्म चढवून, म्हणजे रॅप करून, पांढरी गाडी चार दिवसांत मॅट ग्रे करून देणारी दुकानं आता पुण्या-मुंबईपुरती राहिलेली नाहीत, नाशिक-कोल्हापुरातही ती आहेत. दुकानदार शेड कार्ड पुढे सरकवतो, दर सांगतो. "आरटीओचं काही करावं लागतं का?" असं विचारलं की बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळतं: "काही नाही हो, स्टिकरच तर आहे." हे अर्धंच खरं आहे. फिल्म काढता येते, खालचा मूळ रंग तसाच राहतो, हे बरोबर. पण ती गाडीवर असेपर्यंत तुमच्या आरसीत एक रंग आणि रस्त्यावर दुसरा, अशी अवस्था असते. अडचण रॅपमुळे येत नाही. ती येते आरसी, पॉलिसीचे फोटो आणि प्रत्यक्ष गाडी यांचा मेळ बसत नाही म्हणून. तो मेळ कसा बसवायचा, ते इथे क्रमाने सांगतो. पहिल्यांदाच रॅप करणाऱ्या खासगी गाडीवाल्यांसाठी हे लिहिलं आहे. पिवळ्या पाटीच्या गाड्यांना परमिटच्या अटी असतात, त्यांनी आधी आरटीओत विचारल्याशिवाय फिल्मला हातही लावू नये.

आधी बघा, तुमच्या रॅपने रंग बदलतो का

रॅप या एका शब्दाखाली दुकानदार चार-पाच वेगळ्या गोष्टी विकतात. पीपीएफ म्हणजे पारदर्शक पॉलियुरेथेनची जाड फिल्म. ती खडी आणि ओरखड्यांपासून रंग वाचवण्यासाठी असते. गाडी आधी लाल होती, नंतरही लालच दिसते. त्यासाठी आरटीओत जायचं कारण नाही. फक्त बिल जपून ठेवा, विम्याच्या वेळी लागेल. हल्ली रंगीत पीपीएफही मिळतो. त्याला मात्र व्हिनाइल रॅपसारखंच धरायचं.

दारावर एखादी पट्टी, आरशांवर काळी फिल्म, छोटं डिझाइन, एवढ्याने गाडीचा रंग बदलला असं कुणी म्हणणार नाही. फक्त छत काळं केलं तरी गाडी पांढरीच म्हणून ओळखली जाते. विमा कंपनीला ते कळवावं, आरटीओसाठी मी एवढ्यावर धावपळ करणार नाही. छत आणि बॉनेट दोन्ही काळं झालं की प्रकरण कुंपणावर येतं. अशा वेळी एक सोपी कसोटी लावा. आरसीवरचा रंग मोठ्याने वाचा आणि थोडं लांब उभं राहून गाडीकडे बघा. चौकातला हवालदार तोच रंग म्हणेल का? नाही म्हणणार असेल, तर अर्ज करायचा.

पूर्ण गाडीच्या रॅपमध्ये तर प्रश्नच उरत नाही. तिथे कळवायचंच.

कायद्यात काय आहे

मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधलं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे. त्याचं सार असं: आरसीवर लिहिलेला तपशील उत्पादकाने मुळात ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल, असा बदल मालकाने करायचा नाही. मंजुरी न घेता बदल झालाच असेल, तर १४ दिवसांच्या आत, आपण जिथे राहतो तिथल्या नोंदणी प्राधिकाऱ्याला तो कळवायचा, आरसी सादर करायची, फी भरायची आणि नोंद करून घ्यायची.

जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ लावला. उत्पादकाने जे मुळात ठरवून दिलंय ते बदलता येणार नाही. आरसीवरचा उरलेला तपशील बदलता येतो आणि त्याची नोंद आरसीवर घेता येते. या निकालानंतर रुंद टायर आणि कापलेल्या बॉडीच्या गाड्यांवर संक्रांत आली. रंगाला मात्र नोंदीची वाट मोकळी आहे, असंच हा निकाल वाचून बहुतेकांचं मत झालं, माझंही तेच आहे.

इथे वकील लोक एक मुद्दा काढतात. कलम ५२ च्या स्पष्टीकरणात 'बदल' म्हणजे गाडीच्या रचनेतला असा बदल, ज्याने तिचं मूळ स्वरूप पालटतं, असं म्हटलंय. ९० मायक्रॉनच्या आसपास जाडीची, हीट गनने निघणारी फिल्म म्हणजे रचनेतला बदल कसा? मुद्दा बिनतोड आहे. पण तो कोर्टात मांडायचा मुद्दा आहे, रविवारी रात्री खंबाटकी घाटाच्या अलीकडे नाकाबंदीत मांडायचा नाही. गाडीच्या नोंदणीच्या अर्जात, म्हणजे नमुना २० मध्ये, रंगाचा स्वतंत्र रकाना असतो आणि तोच रंग आरसीवर उतरतो. त्या रकान्यात लिहिलंय ते आणि समोर दिसतंय ते वेगळं असेल, तर उत्तर मालकालाच द्यावं लागतं.

दंडाबद्दलही जरा नीट समजून घ्या. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ए नुसार, परवानगी नसलेला बदल गाडीत करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. सोशल मीडियावर हाच आकडा दाखवून रॅपवाल्यांना घाबरवलं जातं. माझ्या मते हे कलम रॅपला नीट लागू पडत नाही, त्याचा रोख सुटे भाग आणि रचना बदलण्यावर आहे. पण लेखी नोंद हातात असेल तर हा वाद घालायची वेळच येत नाही, आणि या सगळ्या खटाटोपाचा मुख्य फायदा तोच.

रंग निवडताना

बाजारात 'मिलिटरी ग्रीन' या नावाची मॅट फिल्म मिळते आणि थार, जिम्नीवाल्यांची ती भारी लाडकी. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२१ व्या नियमाप्रमाणे ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखीव आहे. खासगी गाडीला तो चालत नाही. दुकानदार म्हणेल, "हा जरा वेगळा शेड आहे." निरीक्षकाकडे शेड कार्ड नसतं. तो बघणार आणि नाही म्हणणार. त्या कुळातला रंग हवाच असेल तर सरळ बाटलीसारख्या गडद हिरव्याकडे किंवा राखाडीकडे वळा.

बघताना पोलिसांची, रुग्णवाहिकेची किंवा मुंबईतल्या काळी-पिवळीची वाटेल अशी रंगसंगती टाळा. ऊन पडलं की जांभळी आणि सावलीत हिरवी दिसणारी कलर-शिफ्ट फिल्म सुंदर असते, पण अर्जात रंग काय लिहिणार? आरशासारखी क्रोम फिल्म तर मी कुणालाच सुचवणार नाही, मागून येणाऱ्याच्या डोळ्यांवर तिरीप मारते. नोंद सोपी हवी असेल तर एका शब्दात सांगता येईल असा रंग घ्या. दुकानातलं नाव काहीही असो, 'नार्डो ग्रे' काय किंवा 'सॅटिन डार्क ग्रे' काय, आरसीवर तो राखाडीच.

दुकानात ॲडव्हान्स देण्याआधी

गाडीवर कर्ज असेल तर आरसीवर बँकेचा बोजा असतो. बोजा असलेल्या गाडीच्या आरसीत कोणतीही नोंद करताना बँकेचं ना हरकत पत्र मागितलं जातं. बँकेला हे पत्र द्यायला वेळ लागतो, कारण शाखेतल्या माणसाला असा अर्ज रोज येत नाही. म्हणून पहिली पायरी हीच: कर्ज खात्याचा क्रमांक घालून बँकेला ई-मेल करा आणि 'रंग बदलाच्या नोंदीसाठी ना हरकत' असं स्पष्ट लिहा. नुसतं 'एनओसी द्या' म्हटलं तर ते कर्ज बंद करायचं समजतात.

दुसरं, नंबर प्लेट. एचएसआरपी म्हणजे उच्च सुरक्षा नोंदणी पाटी, ती एकदाच बसणाऱ्या स्नॅप लॉकने लावलेली असते. बंपर नीट रॅप करायचा म्हणून दुकानातली पोरं ते लॉक कापतात आणि नंतर साध्या स्क्रूने पाटी बसवून देतात. रंग जुळवायला निघालात आणि पाटीवर दंड भरून आलात, असं व्हायला नको. आधीच सांगून ठेवा: पाटी काढायची नाही, तिच्या कडेने फिल्म कापायची. पुढच्या काचेवरचा नोंदणीचा स्टिकरही काढू द्यायचा नाही. पेट्रोल-सीएनजीला तो निळा असतो, डिझेलला केशरी.

हेडलाइट, टेललाइट आणि काचांवर काही लावून घेऊ नका. "सोबत काळी फिल्म फ्री देतो" हे आमिष सगळीकडे असतं. नियम १०० प्रमाणे पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आत यायला हवा. शिवाय काचांवरच्या काळ्या फिल्मवर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच बडगा उगारलेला आहे. काळ्या काचा हे गाडी बाजूला घ्यायला लावण्याचं सगळ्यात सोपं निमित्त. गाडी बाजूला घेतली की रंगाकडे लक्ष जाणारच.

आणि पक्कं बिल. जीएसटी क्रमांक, गाडीचा नंबर, फिल्मची कंपनी, मालिका, रंग, आणि 'पूर्ण बाह्य भाग' की 'फक्त छत', हे सगळं बिलावर हवं. कच्च्या पावतीने थोडे पैसे वाचतील, पण विमा कंपनी कच्ची पावती बघतसुद्धा नाही.

काम सुरू होण्याआधी गाडीचे चारही बाजूंनी फोटो काढा. दाराच्या चौकटीचा आणि बॉनेट उघडून आतल्या बाजूचाही घ्या. रॅपमध्ये हे आतले भाग सहसा मूळ रंगाचेच राहतात. पुढे निरीक्षक बॉनेट उघडेल, आत पांढरा दिसेल आणि विचारेल, तेव्हा हे फोटो उपयोगी पडतात.

आरटीओतला अर्ज

कायदा बदल झाल्यावर १४ दिवस देतो. माझा सल्ला मात्र उलटा आहे: फिल्म लावण्याआधी विचारा. नकार आलाच तर तुमचे लाखभर रुपये वाचलेले असतात. अर्ज आधी गेला असेल तर निरीक्षकाचा सूरही वेगळा असतो.

अर्ज करण्यापूर्वी विमा आणि पीयूसी चालू आहे का ते पाहा, थकीत ई-चलान भरून टाका. चलान बाकी असलं की कामं अडतात. मग परिवहन सेवा संकेतस्थळावर जा, वाहनविषयक सेवांत महाराष्ट्र निवडा, गाडीचा नंबर घाला. ओटीपी आरसीशी जोडलेल्या मोबाइलवर येतो. जुनी गाडी घेतली असेल तर तिथे अजून आधीच्या मालकाचा किंवा एजंटाचा नंबर असतो, तो आधी बदलून घ्यावा लागतो. सेवांच्या यादीत वाहनातल्या बदलाची, म्हणजे 'अल्टरेशन'ची सेवा शोधा. फी तिथेच दिसते आणि तिथेच भरायची. पावतीची छापील प्रत काढून ठेवा.

ऑनलाइन अर्जासोबत एक साधं लेखी पत्र द्या, हे पत्रच पुढे सगळ्यात जास्त कामाला येतं. आरटीओचा कारभार मराठीत चालतो, तेव्हा इंग्रजीच्या भानगडीत पडू नका. नमुना असा:

प्रति,
मा. प्रादेशिक परिवहन अधिकारी, पुणे

विषय: वाहन क्र. एमएच १२ ... च्या रंगातील बदलाची नोंद घेण्याबाबत

महोदय / महोदया,
वरील वाहन माझ्या नावे नोंदणीकृत असून नोंदणी प्रमाणपत्रात त्याचा रंग 'पांढरा' असा नमूद आहे. वाहनाच्या संपूर्ण बाह्य भागावर राखाडी रंगाची व्हिनाइल फिल्म लावण्याचे मी योजिले आहे. फिल्मखाली मूळ रंग कायम राहणार असून वाहनाची रचना, इंजिन, वजन व आसनक्षमता यांत कोणताही बदल होणार नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये या बदलास मान्यता देऊन त्याची नोंद घ्यावी, अथवा अशा नोंदीची आवश्यकता नसल्यास तसे लेखी कळवावे, ही विनंती.
सोबत: नोंदणी प्रमाणपत्र, विमा, पीयूसी, ओळखपत्र व पत्त्याचा पुरावा, बँकेचे ना हरकत पत्र (असल्यास), वाहनाची छायाचित्रे.

पत्रातलं शेवटचं वाक्य वगळू नका. एखाद्या कार्यालयात नोंद सरळ होते, एखाद्या ठिकाणी टेबलामागून उत्तर येतं, "फिल्म आहे ना? मग नोंद कशाला, काढून टाकाल उद्या." हे तोंडी उत्तर घेऊन घरी येऊ नका. दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. नोंद झाली तर उत्तमच. नाही झाली तरी मालकाने वेळेत कळवलं होतं, याचा पुरावा तुमच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये राहतो.

तपासणीला बोलावलं तर गाडी धुऊन न्या. मोटार वाहन निरीक्षक चॅसिस क्रमांक पडताळतो, कधी पेन्सिलने त्याचा छाप घेतो, रंग बघतो आणि बदललेलं अजून काही आहे का तेही बघतो. हा 'अजून काही' महत्त्वाचा. मोठा आवाज करणारा सायलेन्सर किंवा बाहेर आलेली चाकं घेऊन रंगाची नोंद करायला जाणं म्हणजे स्वतःहून आमंत्रण देणं.

गाडी नागपूरची, एमएच ३१, आणि तुम्ही कामासाठी पुण्यात राहता? कलम ५२ 'मालक राहतो तिथला' नोंदणी प्राधिकारी म्हणतं. तो मूळ कार्यालयाला बदल कळवतो, अशीही तरतूद आहे. पुण्यातल्या पत्त्याचा पुरावा जोडा. गोव्यात कायदा हाच, फक्त अर्ज तिथल्या वाहतूक संचालनालयाच्या कार्यालयात.

नोंद झाल्यावर डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपमध्ये आरसी पुन्हा उघडून रंग बदललाय का ते बघा. पोलीस हल्ली तीच प्रत बघतात. कार्डावर नवा रंग आणि ॲपवर जुना, असंही होतं. तसं दिसलं तर पावती घेऊन पुन्हा कार्यालय गाठा.

विमा कंपनी: इथे बहुतेक जण चुकतात

आरटीओचं काम पूर्ण करणारेसुद्धा विम्याकडे दुर्लक्ष करतात. कारण पॉलिसीवर सहसा रंग छापलेलाच नसतो. तिथे मेक, मॉडेल, इंजिन क्रमांक, चॅसिस क्रमांक, वर्ष असतं. मग कळवायचं कशाला?

पहिलं कारण, विमा हा परस्पर विश्वासाचा करार आहे. गाडीत महत्त्वाचा बदल झाला तर तो विमेदाराने सांगावा, अशी अपेक्षा असते. प्रस्ताव भरताना 'गाडीत बदल केला आहे का' असा प्रश्न असेल आणि तुम्ही 'नाही' वर टिचकी मारली असेल, तर रॅपनंतर ते उत्तर खोटं ठरतं.

दुसरं कारण जास्त व्यवहाराचं आहे. अपघातानंतर सर्वेअर, म्हणजे नुकसान तपासायला विमा कंपनीने पाठवलेला माणूस, येतो तेव्हा त्याच्या हातात आरसीची प्रत असते आणि समोर गाडी. आरसीवर पांढरा आणि समोर राखाडी दिसला की त्याचं पहिलं काम ही तीच गाडी आहे हे सिद्ध करणं. चॅसिस क्रमांक जुळेल, दावा मंजूरही होईल, पण खुलासे आणि प्रतिज्ञापत्रं यात आठवडे जातात आणि गाडी तोवर वर्कशॉपमध्ये पडून राहते. चोरीच्या दाव्यात तर गाडीच समोर नसते. पोलीस तक्रारीत 'राखाडी' आणि आरसीवर 'पांढरी' असेल तर तपास अधिकाऱ्यापासून विमा कंपनीपर्यंत प्रत्येक जण तोच प्रश्न विचारणार.

तिसरं कारण पैशाचं. याचं गणित मांडून बघू.

तुमच्या गाडीची विमा किंमत, म्हणजे आयडीव्ही, उत्पादकाच्या विक्री किमतीतून घसारा वजा करून ठरते. गाडी दोन ते तीन वर्षांची असेल तर घसारा ३० टक्के. दहा लाखांची गाडी सात लाखांवर येते. तुम्ही वर लावलेली ९० हजारांची फिल्म या सात लाखांत कुठेही नाही. उद्या गाडी चोरीला गेली तर फिल्मचे पैसेही गेले. ती धरायची असेल तर 'विद्युत नसलेली ॲक्सेसरी' म्हणून बिलासह वेगळी जाहीर करून पॉलिसीत तिची किंमत वाढवून घ्यावी लागते. काही कंपन्या हे करतात, काही सरळ नाही म्हणतात. नाही म्हटलं तरी ते लेखी घ्या. फिल्मचा विमा झाला नाही तरी 'आम्ही कळवलं' हा मुद्दा साधतो.

आता किरकोळ अपघात धरा. डावं दार घासलं, डेंटिंग सोडून नुसत्या रंगकामाचं बिल, सामान आणि मजुरी एकत्र धरून, १२,००० रुपये. साध्या पॉलिसीत रंगाच्या सामानावर ५० टक्के घसारा कापतात आणि एकत्रित रंगकाम-बिलाचा २५ टक्के हिस्सा सामान धरतात. म्हणजे सामान ३,०००, त्यातून कापले १,५००. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापण्याचं जादा कव्हर, असेल तर हे कापत नाहीत. इथवर ठीक. पण दार रंगवून ते पांढरं झालं! बाकी गाडी राखाडी. त्या दारावर परत फिल्म लावायचा खर्च ॲक्सेसरी जाहीर नसेल तर तुमच्या खिशातून. त्यातही दोन उन्हाळे खाल्लेली फिल्म आणि रोलमधून नवीन काढलेली फिल्म यांचा शेड जुळेलच असं नाही. जाहीर केलेली असली तरी प्लॅस्टिकच्या भागांना ५० टक्के घसारा असतो, तोच फिल्मला लावला जाण्याची तयारी ठेवा. शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० आणि त्यावर २,००० रुपये सक्तीची वजावट, आणि दाव्यामुळे नो क्लेम बोनस शून्यावर. फक्त फिल्म फाटली म्हणून दावा टाकणं बहुतेक वेळा आतबट्ट्याचं ठरतं.

कळवायचं कसं? पॉलिसीवर छापलेल्या कंपनीच्या अधिकृत ई-मेलवर, तुमच्या नोंदणीकृत ई-मेलवरून. एजंटाला व्हॉट्सॲप करून त्याचं "हो सर, काही प्रॉब्लेम नाही" मिळवलंत, तर ती कंपनीला दिलेली सूचना नव्हे. एजंट उद्या दुसरीकडे नोकरीला लागतो. मेलमध्ये पॉलिसी क्रमांक, गाडीचा नंबर, फिल्म कधी लावली, कोणता भाग, जुना-नवा रंग, बिलाची रक्कम लिहा. मूळ रंग कायम आहे आणि यांत्रिक बदल नाही, हे नमूद करा. बिल, फोटो आणि आरटीओच्या पोचेची प्रत जोडा. शेवटी दोन स्पष्ट विनंत्या: या बदलाची पॉलिसीवर नोंद करावी, आणि फिल्मची किंमत ॲक्सेसरी म्हणून समाविष्ट करता येत असल्यास जादा हप्ता कळवावा. पॉलिसीवरच्या अशा नोंदीला ते एंडॉर्समेंट म्हणतात, फोनवर बोलताना तोच शब्द वापरा, पटकन कळतं. उत्तर आलं नाही तर त्याच मेलच्या उत्तरात आठवण द्या, नवीन मेल सुरू करू नका, म्हणजे सगळा पत्रव्यवहार एका धाग्यात राहतो.

नूतनीकरणाच्या वेळी हे परत करावं लागतं, विशेषतः कंपनी बदलत असाल तर. ऑनलाइन पॉलिसी पाच मिनिटांत निघते, त्यात रंगाचं कुणी विचारत नाही. नव्या कंपनीला जुन्या कंपनीचा पत्रव्यवहार माहीत नसतो, तिला नवा मेल. आणि पॉलिसी संपू देऊ नका. खंड पडला की कंपनी आधी गाडीची तपासणी करते. त्या फोटोंत राखाडी गाडी आणि आरसीवर पांढरा रंग दिसला की ते प्रकरण लटकतं.

दावा निव्वळ रंगाच्या कारणावरून नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात समाधान झालं नाही, किंवा तक्रारच फेटाळली, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. पुणे आणि मुंबई दोन्हीकडे त्यांची कार्यालयं आहेत, फी नाही, वकील लागत नाही. तिथे तुमचा तो मेलचा धागा आणि आरटीओचा शिक्का मारलेलं पत्र बोलतं.

नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर फिल्मचे काय, तुमच्या दाराचेही पैसे मिळत नाहीत. तरीही एक ओळीचा मेल टाकून ठेवा, त्याला खर्च नाही.

रस्त्यावर अडवलं तर

ग्लोव्ह बॉक्समध्ये एका पाकिटात तीन कागद ठेवा: आरटीओच्या पोचेची प्रत, फिल्मचं बिल, बॉनेटच्या आतल्या मूळ रंगाचा फोटो. विचारल्यावर बॉनेट किंवा दार उघडून मूळ रंग दाखवा, आरसीवर नवा रंग चढलेला नसेल तर तो आरसीशी जुळतो हे त्यांच्या लक्षात आणून द्या, मग पोच दाखवा. कलमं पाठ म्हणून दाखवू नका. चलान झालंच तर ते कोणत्या कलमाखाली आहे ते वाचून घ्या. पटलं नाही तर वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते.

नोंद करून ठेवण्याचा एक फायदा फारसा कुणाच्या लक्षात येत नाही. तुमचा नंबर दुसऱ्याच कुणी बनावट पाटीवर वापरला आणि तुम्हाला न गेलेल्या गावाचं चलान आलं, तर सुटकेचा पहिला मार्ग म्हणजे कॅमेऱ्यातल्या गाडीचा रंग आपल्या गाडीशी जुळत नाही हे दाखवणं. आरसीवर पांढरा आणि तुमची गाडी राखाडी असेल, तर हा मुद्दा तुम्ही कोणत्या तोंडाने मांडणार?

ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांसाठी थोडंसं

तिकडे गेलेल्या मराठी मंडळींना हे काम त्या मानाने सोपं आहे. गाडीचा रंग बदलला की लॉग बुक, म्हणजे व्ही५सी, भरून स्वॉन्सीला डीव्हीएलएकडे पाठवायचं. फी नाही, नवं लॉग बुक घरी येतं. न कळवल्यास १,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. विमा कंपन्या तिथे रॅपला सर्रास 'मॉडिफिकेशन' धरतात आणि त्याबद्दल थेट प्रश्न विचारतात. २०१२ च्या ग्राहक विमा कायद्याप्रमाणे उत्तर देताना वाजवी काळजी घेणं ही तुमची जबाबदारी. निष्काळजीपणे चुकीचं सांगितलं तर दाव्याची रक्कम कमी होऊ शकते, जाणूनबुजून खोटं सांगितलं तर पॉलिसीच रद्द.

फिल्म काढताना आणि गाडी विकताना

आपल्या उन्हात बॉनेट आणि छतावरची फिल्म दारांवरच्या फिल्मच्या आधी थकते. चांगली कास्ट फिल्मसुद्धा तीन ते पाच वर्षांत काढावी लागते, स्वस्तातली त्याआधीच कडेने उचलायला लागते. फार उशीर केला तर ती तुकड्या-तुकड्याने निघते आणि गोंद मागे राहतो. ज्या भागाचं पूर्वी गॅरेजमध्ये रंगकाम झालंय, तिथे फिल्मसोबत रंगही सुटू शकतो, म्हणून काढायचं कामही लावणाऱ्याकडेच द्या.

फिल्म निघाली की रंग पुन्हा बदलला. आरसीवर राखाडी अशी नोंद झालेली असेल तर आता तीच विसंगत ठरते. पुन्हा तोच अर्ज, तोच १४ दिवसांचा हिशेब, विमा कंपनीला पुन्हा मेल, आणि ॲक्सेसरी म्हणून फिल्म धरली असेल तर ती वगळायला सांगा, नाहीतर नसलेल्या वस्तूचा हप्ता भरत राहाल. म्हणूनच दर वर्षी शेड बदलायची हौस असणाऱ्यांना मी आधी ही कागदांची फेरी मोजायला सांगतो.

गाडी विकणार असाल तर शक्यतो फिल्म काढून, आरसी मूळ रंगावर आणून मगच नमुना २९ आणि ३० वर सह्या करा. घेणाऱ्याला फिल्म हवीच असेल तर बिल, आरटीओची पोच आणि विमा कंपनीचा मेल त्याच्या हवाली करा आणि विक्रीच्या करारात एक ओळ घाला: 'वाहनावर राखाडी रंगाची व्हिनाइल फिल्म असून मूळ रंग पांढरा आहे, हे खरेदीदारास माहीत आहे.' हस्तांतराच्या वेळी बँकेचा बोजा उतरवायचा असेल, तर तो आणि रंगाची नोंद एकाच खेपेत मागा. निरीक्षकाला गाडी दाखवायची झाली तर एकदाच दाखवावी लागते.